पाण्याचा रिपोर्ट कुठे असतो, भाऊ?

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, भातकुलीकडची पोरं अमरावतीला शिकायला आली की पहिल्या आठवड्यात नळाचं पाणी पिऊन विचारतात, "याच्यात काही टाकलं का बे?" काही टाकलेलं नसतं. ते अप्पर वर्धा धरणाचं साधं गोडं पाणी असतं. मचूळ पाण्याची सवय झालेल्या जिभेला तेच वेगळं लागतं.

आपला खारपाणपट्टा म्हणजे पूर्णा नदीचं खोरं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा मिळून साडेचार लाख हेक्टरांहून जास्त जमीन, आणि खाली खारं पाणी. म्हणून तर शहानूर आणि वान धरणांवरून पाइप टाकून गावोगावी पाणी आणावं लागलं. अकोटकडची ८४ खेडी योजना सगळ्यांना माहीत आहे. पण नळ रोज येत नाही. मधल्या दिवसांत बोअर, विहीर, नाहीतर आरओचा कॅन.

आणि या कॅनसोबत आला टीडीएस मीटर. पेनासारखं यंत्र ग्लासात बुडवायचं, आकडा दाखवायचा, "पाहा ताई, एकदम शुद्ध!" माझा आक्षेप इथेच आहे. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. खतांतून झिरपलेलं नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हे तो वेगळं सांगू शकत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालेल, असं आहे. नायट्रेटला मात्र ४५ च्या वर अशी कुठलीही सवलत नाही. तरी नायट्रेटचं नाव आपल्यापैकी कितींनी ऐकलंय?

उलटंही खरं आहे. खारं नसलेलं पाणीही जीव घेतं. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत उघड्या विहिरीचं दूषित पाणी पिऊन लोक दगावले. मेळघाटातलं ते पाणी, मचूळ नव्हतं. तिथे टीडीएस मीटर बुडवला असता तर आकडा कदाचित झकास आला असता.

मग तपासणी होतच नाही का? होते की! भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी किट वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्थितीवरून हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं. पण तुमच्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे? मी माझ्या वर्गात विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. नमुना जातो, कागद येतो, फाइलीत बसतो. ज्या माउलीनं त्या विहिरीवरून हंडा भरला, तिला कुणी सांगत नाही.

किडनीचा विषय निघाला की पट्ट्यात सगळं खापर पाण्यावर फुटतं. फुटू द्या, पण त्या विहिरीच्या दहा वर्षांच्या नोंदी एका जागी नसतील तर डॉक्टर तरी कशाच्या आधारावर बोलणार?

शेतातली गोष्ट तर आणखी अवघड. आपल्याकडे बोअरला पाणी लागलं की पेढे वाटतात, पाणी कसं आहे ते नंतर पाहू! नुसतं खारं असणं हा एक त्रास. त्याहून वाईट म्हणजे सोडियम. आपली काळी चिकण माती मुळातच पाणी धरून ठेवते. त्यात सोडियमचं पाणी दोन-तीन हंगाम दिलं की मातीचे कण फुटतात, निचरा बंद होतो, वरून पांढरी खपली, खाली दगडासारखं ढेकूळ. मग जिप्सम टाका, वर्षं घालवा. म्हणून शेताच्या पाण्याचा रिपोर्ट घेताना फक्त ईसी पाहू नका. एसएआर आणि आरएससी हे दोन आकडे मागून घ्या. आरएससी अडीचच्या वर असेल तर ते पाणी ओलिताला नकोच. त्यापेक्षा शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी एकदा-दोनदा हरभऱ्याला दिलेलं बरं.

नमुना घेणं काही रॉकेट सायन्स नाही. पंप पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळा, लिटरभर भरा, वर नाव, गट नंबर, तारीख. जंतूंच्या तपासणीला मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली लागते, आणि ती बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावी लागते. दारूची रिकामी बाटली धुऊन चालत नाही. (हो, आणतात लोक!)

घरी एवढं ध्यानात ठेवा: उकळल्यानं जंतू मरतात, क्षार कमी होत नाहीत. ब्लिचिंग पावडरचंही तेच. आरओ क्षार काढतो, पण कॅन भरणाऱ्याची टाकी कधी धुतली, ते त्यालाच विचारा.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक स्रोताचा ताजा रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. मराठीत, मोठ्या अक्षरात, "प्यायला चालेल" किंवा "फक्त वापरायला" असं स्पष्ट लिहून. घरकुलाच्या याद्या लागतात, तसाच हा कागद. १५ ऑगस्टला ग्रामसभा असते. झेंडावंदनाला गावी जाणारच आहात, तर जिलेबी खाऊन लगेच परतीची एसटी पकडू नका. सभेत थांबा आणि ग्रामसेवकांना विचारा, "भाऊ, आपल्या पाण्याचा रिपोर्ट कुठी हाय?" बाकीचे माना वळवून पाहतील, पाहू द्या.