टाटा डोकोमो आठवतंय का? त्या सिममागचा जपानी करार

पनवेल-ठाणे लोकलमध्ये तुर्भे स्टेशन आलं की मला शाळेत असताना घरी आलेलं टाटा डोकोमोचं सिम आठवतं. टाटा टेलिसर्व्हिसेस (महाराष्ट्र)चं ऑफिस इथल्याच एमआयडीसीत. २००९ मध्ये या ब्रँडने 'सेकंदाला एक पैसा' आणला आणि बाकीच्या कंपन्यांनाही मागे यावं लागलं.

यातली डोकोमो म्हणजे जपानची सगळ्यात मोठी मोबाइल कंपनी. तिने टाटा टेलिसर्व्हिसेसमध्ये हिस्सा घेतला, पण फक्त २६ टक्क्यांच्या आसपास. वर एक अट. पाच वर्षांत ठरलेली उद्दिष्टं गाठली नाहीत, तर टाटांनी तो हिस्सा किमान अर्ध्या किमतीला विकून द्यायचा. आता ब्रिटनची व्होडाफोन बघा. २००७ मध्ये आली आणि हचमधला ६७ टक्के हिस्सा घेऊन मोकळी झाली!

हॉफस्टेड नावाच्या डच अभ्यासकाने आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून एक मोजमाप काढलं: अनिश्चिततेची धास्ती किती. जपान ९२, भारत ४०, ब्रिटन ३५. मला हे आकडे ओळखीचे वाटतात. आमच्या टीमचा एक क्लायंट जपानी आहे. रिलीजच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न असतो, "फेल झालं तर?" रोलबॅक प्लॅन लेखी दिल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. आपल्याकडे मात्र 'बघू की तेव्हाचं तेव्हा'.

डोकोमोचा रोलबॅक प्लॅन अडकला. २०१४ मध्ये तिने बाहेर पडायचं ठरवलं, पण रिझर्व्ह बँकेने परवानगी नाकारली. परदेशी गुंतवणूकदाराला आधीच ठरलेल्या किमतीची हमी देणं नियमात बसत नव्हतं. प्रकरण लंडनच्या लवादात गेलं. २०१६ मध्ये निकाल डोकोमोच्या बाजूने लागला, सुमारे ११७ कोटी डॉलरचा. पुढच्या वर्षी दिल्ली हायकोर्टाने तो मान्य केला. ग्राहक गेले एअरटेलकडे.

पण सगळं 'जपानी स्वभावा'वर ढकलायलाही मी तयार नाही. डोकोमोने २००० च्या सुमाराला नेदरलँड्सची केपीएन मोबाइल आणि अमेरिकेची एटी अँड टी वायरलेस यांत छोटे हिस्से घेऊन मोठा तोटा सोसला होता. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, त्याला जपानीच असावं लागतं असं नाही. शिवाय डोकोमो ज्या एनटीटी समूहातली, त्याच समूहाने २०१२ मध्ये मुंबईच्या नेटमॅजिकमध्ये थेट ७४ टक्के घेतले. संस्थापकाला मात्र खुर्चीवर तसंच ठेवलं. देश तोच, समूह तोच, मग फरक का? माझ्या मते धंद्याचा. मोबाइलमध्ये तेव्हा दरयुद्ध पेटलं होतं. डेटा सेंटरमध्ये मोठी कंपनी ग्राहक म्हणून आली की सहसा वर्षानुवर्षं टिकते.

त्याच एनटीटीची डेटा सेंटर्स आता महापेत उभी आहेत, तुर्भ्यापासून काही किलोमीटरवर.