आवळा घेऊन कोहळा देणारे

संपादक महोदय,


गेल्या अंकातला बेसबॉलमधल्या खेळाडूंच्या ट्रेडवरचा लेख आवडला, पण पटला नाही. ट्रेड हा शुद्ध व्यवहार आहे, चाहत्यांनी त्यात भावना आणू नयेत, आणि फॅन्टसी बेसबॉल खेळणाऱ्यांना हे इतरांपेक्षा लवकर कळतं, असा लेखकांचा एकूण सूर. मी चौदा वर्षं ऑफिसातल्या फॅन्टसी लीगमध्ये खेळतो आहे, म्हणजे ज्यांना कळतं असं ते म्हणतात त्यांतलाच एक. माझा अनुभव नेमका उलटा आहे. या खेळाने आम्हाला मालकाच्या खुर्चीत बसून विचार करायची सवय लावली, आणि खऱ्या मालकांचं त्यात चांगलंच फावलं.

१५ जून २०२५, फादर्स डे. मुलाला घेऊन फेनवे पार्कला गेलो होतो. समोर यांकीज. राफाएल डेव्हर्सने होमरन मारला, आमचे बॉस्टन रेड सॉक्स २-० ने जिंकले, मालिकेतले तिन्ही सामने आमच्या खिशात. संध्याकाळी घरी येऊन पिठलं-भातावर बसलो. मुलाच्या डोक्यावरची टोपी अजून उतरली नव्हती. तेवढ्यात फोनवर बातमी आली : डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे. मुलगा म्हणाला, "खोटं असेल." आणि मी काय केलं? फॅन्टसीचं ॲप उघडलं. डेव्हर्स माझ्या टीममध्ये होता, लिलावात ३४ डॉलरला घेतलेला. डावखुरा बॅटर, तिकडच्या मैदानात उजवीकडची भिंत २४ फूट उंच, वर खाडीवरून येणारी गार हवा. त्याचे किती होमरन कमी होतील, याचा हिशेब मी भात कालवता कालवता मांडत होतो. मान वर केली तर मुलगा माझ्याकडे बघत होता. "बाबा, तुला वाईट नाही वाटलं?"

ज्यांना हे वेड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या पत्रकाराने आणि त्याच्या मित्रांनी न्यूयॉर्कमधल्या 'ला रोटिसरी फ्रान्सेज' या रेस्टॉरंटच्या नावाने रोटिसरी लीग सुरू केली. प्रत्येकाला लुटुपुटुचे २६० डॉलर, त्यात २३ खेळाडू बसवायचे. मैदानावर ते खेळाडू जी कामगिरी करतील तिचे गुण तुम्हाला. मधल्या काळात आपसात अदलाबदल करायची आणि आवळा देऊन कोहळा काढायची संधी शोधत राहायचं. खरी मजा त्यातच आहे, हे मी नाकारत नाही. जुलैच्या अखेरीस आमच्या ऑफिसात कामं कमी आणि वाटाघाटी जास्त होतात.

पण त्यातली गोम लेखकांच्या नजरेतून सुटली. फॅन्टसीत २६० डॉलर सगळ्यांना सारखेच असतात. तिथे एक खेळाडू ठेवायचा तर दुसरा सोडणं भाग असतं, म्हणून तिथला ट्रेड ही अक्कलहुशारीची परीक्षा. मेजर लीगमध्ये पगाराला अशी कमाल मर्यादा नाही. एका आकड्याच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर कर भरायचा, इतकंच. २०२० साली तो आकडा २० कोटी ८० लाख डॉलर होता. बॉस्टनसारख्या श्रीमंत संघाला तो कर परवडत नव्हता असं कोणी म्हणत असेल तर त्याने फेनवेला चौघांची तिकिटं काढून बघावीत. २०१८ मध्ये याच संघाने सगळ्यांत जास्त पगार वाटले, १०८ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजही घेतली. त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू मुकी बेट्स. २०११ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडलेला, आमच्याच अंगणात वाढलेला पोरगा.

ऑक्टोबर २०१९ मध्ये टॅम्पाहून खाइम ब्लूम यांना बॉस्टनच्या कारभारावर आणलं गेलं. टॅम्पा हा खरोखरच तोटक्या पैशांत संसार करणारा संघ. त्यांची काटकसर मला मान्य आहे, कौतुकाची आहे. पण गरिबाघरची काटकसर वाड्यात आणली की तिला कंजुषी म्हणतात. चारच महिन्यांत बेट्स आणि सोबत डेव्हिड प्राइस डॉजर्सकडे रवाना झाले. प्राइसच्या उरलेल्या पगारातला अर्धा वाटा पुन्हा आपणच उचलला. बदल्यात आले अ‍ॅलेक्स व्हर्डूगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. डाउन्स हाताच्या बोटांवर मोजावेत असे सामने खेळून गेला. व्हर्डूगोला पुढे खुद्द यांकीजना दिलं. बेट्सने त्याच वर्षी डॉजर्सशी ३६ कोटी ५० लाखांचा करार केला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्यासाठी वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढे २०२४ आणि २०२५ मध्येही. आम्ही २०२० मध्ये ६० पैकी ३६ सामने हरून गटात तळाला.

आणि आम्ही चाहते तेव्हा काय बोलत होतो? 'आर्थिक लवचीकता', 'मालमत्तेचं मूल्य', 'नियंत्रणाची उरलेली वर्षं'. हे शब्द मी स्वतः वापरले आहेत. ज्याच्या खिशातला एक डॉलरही वाचणार नव्हता, तो मालकाचे कोट्यवधी वाचले म्हणून खूश होत होता.

बेट्सचा सौदा आमच्या ऑफिसच्या लीगमध्ये टिकला नसता, हीही गंमत बघा. एकतर्फी ट्रेड आला की बाकीचे मिळून तो रद्द करतात. तीन वर्षांपूर्वी तळाच्या एका सहकाऱ्याने आपला अव्वल पिचर मित्राच्या टीमला फुंकून टाकायचा घाट घातला, तर जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी त्याला कोंडाळं करून जाब विचारला. खऱ्या बेसबॉलमध्येही हे एकदा झालेलं आहे. जून १९७६ मध्ये ओकलंडच्या चार्ली फिन्लीने रॉली फिंगर्स आणि जो रूडी प्रत्येकी दहा लाखांना आणि व्हायडा ब्लू पंधरा लाखांना विकायला काढले. कमिशनर बोवी कून यांनी 'खेळाच्या हिताचं नाही' म्हणून तिन्ही व्यवहार मोडीत काढले. फिंगर्स आणि रूडीचं गिऱ्हाईक कोण होतं, तर आमचंच बॉस्टन!

ट्रेड मुळीच नकोत, असं माझं म्हणणं नाही. ३१ जुलै २००४ ला लाडक्या नोमार गार्सियापाराला घालवलं तेव्हा मी चिडलो होतो, आणि त्याच वर्षी ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज घरी आली. वॉशिंग्टनने २०२२ मध्ये हुआन सोटोला सोडलं, तेही मला गैर वाटत नाही. ४४ कोटींचा प्रस्ताव त्याने आधी नाकारला होता. डेव्हर्सच्या बाबतीतही चूक एकट्या संघाची नव्हती. त्याला तिसऱ्या बेसवरून हलवलं हे खरं, पण पहिल्या बेसवर गरज पडली तेव्हा तो हटून बसला, आणि सॅन फ्रान्सिस्कोला गेल्यावर तिथेच उभा राहिला. तो गेल्यानंतर संघ प्लेऑफमध्येही पोचला. हे सगळं कबूल. वानखेडेवर २०२४ मध्ये, अशाच एका ट्रेडनंतर, हार्दिक पांड्याची हुर्यो उडवणाऱ्यांचंही मी समर्थन करणार नाही. राग खेळाडूवर काढायचा नसतो.

राग सौदा करणाऱ्यांवर काढायचा, आणि तो काढताना आमच्या तोंडी त्यांचीच भाषा नसावी, एवढाच माझा आग्रह.

मुलाने यंदा मित्रांबरोबर स्वतःची फॅन्टसी लीग काढली आहे. रेड सॉक्सचा खेळाडू ट्रेड करायचा नाही, असा नियम त्याने स्वतःपुरता केला आहे. सध्या तो शेवटून दुसरा आहे आणि माझा सल्ला ऐकत नाही.

आपला,
एक वाचक, बॉस्टनजवळून