दुखरा हात आणि एक्स-रे

खेड्यात हात दुखायला कारण शोधावं लागत नाही. पोती उचलली, पंप मारला, बैलानं हिसका दिला, मोटारसायकल घसरली. कारण तयारच असतं, त्यामुळे आपण दुखण्याला नाव देऊन मोकळे होतो. उसण भरली, लचकला, शीर चढली, वात आहे. बहुतेक वेळा ते खरंही असतं. हा लेख ज्या वेळी ते खरं नसतं, त्या वेळेसाठी आहे.

हाडाचा कॅन्सर हा तसा क्वचित होणारा आजार. त्यातला ऑस्टिओसार्कोमा नावाचा प्रकार मुख्यतः १० ते २० या वयात, म्हणजे मुलं भराभर उंच होतात त्या काळात दिसतो. सगळ्यात जास्त गुडघ्याच्या आसपास, आणि त्यानंतर दंडाच्या हाडात खांद्याजवळ. पण तिशीतही तो होतो. मला २९ व्या वर्षी झाला, डाव्या दंडात. त्याला आता सहा वर्षं झाली. माझ्या मंडळातल्या गावांत हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण माझा डावा हात खांद्याच्या वर जात नाही आणि लोक विचारतातच. तेव्हा लपवण्यासारखं काही नाही. म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

या दुखण्याची खूण काय? कामाचं दुखणं विश्रांतीनं कमी होतं. हे रात्री वाढतं. झोपेतून उठवतं. चार दिवस गोळी घेतली की दबतं आणि गोळी थांबली की परत येतं. पुढे पुढे दंडावर सूज दिसते, हात लावला तर कठीण लागते, कातडी गरम वाटते. लहानसा धक्का लागतो आणि घरचे म्हणतात त्या धक्क्यानंच झालं. धक्क्यानं कॅन्सर होत नाही. आत आधीच असलेल्या गोष्टीकडे धक्क्यामुळे लक्ष जातं, एवढंच. कधी कधी हाड इतकं पोखरलेलं असतं की बादली उचलतानाच मोडतं. गुलाबी बोंडअळीचं बोंड आठवा. बाहेरून हिरवंगार, दाबून फोडल्याशिवाय आतली अळी दिसत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं. विशेषतः वाढत्या वयातल्या मुलाचा किंवा मुलीचा हात किंवा गुडघा तीन-चार आठवडे सतत दुखत असेल, रात्री जास्त दुखत असेल, तर एक्स-रे काढा. ग्रामीण रुग्णालयात निघतो. तालुक्याला खाजगीत काढला तरी एका फवारणीच्या औषधाइतकाही खर्च येत नाही. माझ्या बाबतीत तालुक्याच्या एका दवाखान्यात मी सव्वा महिन्यात चार वेळा गेलो. चारही वेळा इंजेक्शन आणि मलम मिळालं. एक्स-रे पाचव्या वेळी, दुसऱ्या डॉक्टरांनी काढला. त्यांनी तो उजेडाला धरला आणि एकदम गप्प झाले. त्या गप्पपणावरूनच मला काय ते कळलं.

हाडवैद्याबद्दल लिहिलं की गावात राग येतो, तरी लिहितो. साधी लचक, मुरगळ बसवणारे जुने जाणकार लोक आपल्याकडे आहेत, त्यांच्या हाताला गुण आहे असं पुष्कळ जण सांगतात. मी त्यांच्याशी भांडत नाही. पण एक्स-रे काढल्याशिवाय सुजलेला दंड चोळायचा नाही, ओढायचा नाही, घट्ट पट्ट्या बांधायच्या नाहीत आणि डाग तर मुळीच द्यायचा नाही. गाठ चोळण्यात फायदा काही नाही, धोका मात्र आहे. आणि त्यात जे दोन-तीन महिने जातात ते परत मिळत नाहीत. चांगला वैद्य स्वतःच म्हणतो, आधी फोटो काढून आणा. असं म्हणणारे दोघे मला माहीत आहेत आणि त्यांना माझा नमस्कार.

आता दुसरी गोष्ट, जी शिकलेल्यांनाही माहीत नसते. एक्स-रेमध्ये शंका आली की पुढे एमआरआय होतो, छातीचा सीटी स्कॅन होतो (कारण हा कॅन्सर पसरला तर बहुधा आधी फुप्फुसात जातो), आणि मग बायोप्सी, म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासणं. बायोप्सी कुठेही करू नका. जिथे पुढचं ऑपरेशन होणार तिथेच करा. सुई ज्या वाटेनं आत जाते ती वाटही नंतर गाठीबरोबर कापून काढावी लागते. चुकीच्या जागेवरून सुई गेली किंवा कुणी 'छोटी गाठ आहे, काढून टाकू' म्हणून अर्धवट चिरलं, तर वाचू शकणारा हातही कधी कधी वाचत नाही. मला शहरातल्या एकानं तसं सुचवलं होतं. माझ्या थोरल्या बंधूंनी, जे स्वतः सातवी पास आहेत, विचारलं, "डॉक्टरसाहेब, मातीचा नमुना कुठला घ्यायचा हे ठरवायला आमचा हा पोरगा शंभर प्रश्न विचारतो. हाताचा नमुना मग असा कसा घ्यायचा?" आम्ही तिथून उठलो आणि रात्रीच्या गाडीनं दादरला उतरलो.

मुंबईला परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण सगळं मुंबईलाच होतं असं नाही. बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीलाच सुरू झाली, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे, नागपूरला आहे. हाडाचं मोठं ऑपरेशन कुठे करायचं ते तिथले तज्ज्ञ सांगतात, आणि केमो बऱ्याचदा जवळच्या केंद्रात घेता येतो. मुंबईला राहण्याची चिंता करणाऱ्यांना सांगतो, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांसाठीच आहे. तिथे पंगतीला बसलात की आपल्याच बोलीतलं कुणी तरी भेटतं.

उपचार सोपे नाहीत. गोड बोलून फसवणार नाही. ऑपरेशनच्या आधी दोन-तीन महिने केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो. सगळं मिळून आठ-नऊ महिने जातात. एक औषध लाल रंगाचं असतं, ते शिरेतून जाताना बघवत नाही. केस जातात, भुवयासुद्धा. तोंड येतं, पाणी गिळताना डोळ्यांतून पाणी येतं. पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून ताप आला की रात्र असो, पाऊस असो, त्याच वेळी दवाखाना गाठायचा. सकाळची वाट बघायची नाही. यात्रा, लग्नं, गर्दी बंद. कच्चं खाणं बंद, म्हणजे माझ्या आवडीची भाकरीबरोबरची कांद्याची पातही बंद. केस मात्र परत येतात. माझे थोडे कुरळे आले, बाकी काही नाही.

एक नाजूक गोष्ट वडीलधाऱ्यांची क्षमा मागून लिहितो. या औषधांनी पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. लग्नाच्या वयाच्या मुलांनी केमो सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. वीर्य साठवून ठेवण्याची सोय असते. आपल्याकडे हे कुणी सांगत नाही, कारण विचारायची लाज. मुलींच्या बाबतीत तर आजारच लपवतात, स्थळं येणार नाहीत म्हणून. हा रोग शिवल्यानं होत नाही, ताटात जेवल्यानं होत नाही, आणि बहुतेकांच्या बाबतीत घराण्यात चालत येत नाही.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, "साहेब, फवारणीमुळे झाला का?" याचं सरळ उत्तर असं की हाडाचा हा कॅन्सर बहुतेक रुग्णांना का होतो ते सांगता येत नाही, आणि त्याचा फवारणीशी संबंध सिद्ध झालेला नाही. तरीपण हातमोजे, तोंडावर फडकं, वाऱ्याची दिशा हे सगळं पाळायचंच. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर गेले. त्याला कॅन्सरची वाट बघावी लागली नाही.

हात कापतील या भीतीनं पळून जाणारे पुष्कळ. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवरचा सोळा वर्षांचा मुलगा दोन केमो झाल्यावर वडिलांबरोबर गावी निघून गेला. कुणी तरी झाडपाल्याचं औषध सांगितलं होतं. पाच महिन्यांनी परत आला तेव्हा दंड मांडीएवढा झाला होता आणि फुप्फुसात गाठी होत्या. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

१९७० च्या आधी फक्त हातपाय कापूनच उपचार होत. कापूनही पाचांपैकी जेमतेम एक वाचायचा, कारण रोगाचे कण आधीच रक्तातून पुढे गेलेले असायचे. केमो आल्यापासून, रोग पसरण्याआधी आलेल्यांपैकी दहातले सहा-सात वाचतात. आणि मोठ्या केंद्रांत आता बहुतेकांचा हात राखूनच रोगट हाड काढतात, त्या जागी धातूचा सांधा बसवतात. शिरा, धमन्या गाठीत गुरफटल्या असतील तरच हात काढावा लागतो, आणि त्या बहुधा उशिरामुळे गुरफटतात. माझा खांदा उचलत नाही. पण कोपर चालतं, पंजा चालतो, सातबारा धरता येतो, सही करता येते. पाठीवरच्या साध्या पंपाचा दांडा डाव्या हातानं मारावा लागतो, तो जमत नाही. बॅटरीचा पंप जमतो. प्रात्यक्षिकाला मी तोच नेतो.

आता पैसा. रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असो, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, असा निर्णय २०२३ मध्ये झाला. योजना बिनरोख आहे, म्हणजे आधी खिशातून भरून नंतर पावत्या देऊन पैसे मिळत नाहीत. दवाखाना योजनेत आहे का ते भरती होण्याआधी विचारा, तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, आणि रेशनकार्ड व आधारवरची नावं जुळतात का ते घरून निघतानाच बघा. 'रामभाऊ' आणि 'रामचंद्र' यांच्यात लोकांचे आठ-आठ दिवस जातात. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपरचं तिकीट मोफत, सोबत्यालाही मोठी सवलत. त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला लागतो.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना, आणि गाव अजून ज्यांना ग्रामसेवकच म्हणतं त्या भाऊसाहेबांना, दोन शब्द. हात गेलेल्या किंवा कायमचा अधू झालेल्या माणसाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकतं. कारण अपघात की आजार, हे तिथे विचारलं जात नाही, अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असावं लागतं. पंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी आहे. तो मार्चअखेरीला सतरंज्या आणि डबे वाटून संपवण्यापेक्षा एखाद्याला बॅटरीचा पंप किंवा एका हातानं चालणारं अवजार द्या की!

आणि ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते आता. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत थ्रेशरमध्ये एक हात गेला तर १ लाख रुपये मिळतात. मिळायलाच हवेत. पण तोच हात कॅन्सरमुळे खांद्यापासून काढावा लागला तर एक रुपया नाही, कारण तो अपघात नव्हे. शेत तेच, घरची माणसं तीच, पेरणीला हातही तेवढाच कमी. मला सरकारी नोकरीमुळे बिलांची प्रतिपूर्ती मिळाली, दीड वर्षानं का होईना. पगार चालू राहिला. ज्यांच्या बांधावर मी जातो त्यांना यातलं काहीच नाही. आजारात हात किंवा पाय काढावा लागलेल्या शेतकऱ्याला या योजनेत किंवा हिच्या धर्तीवर वेगळी मदत मिळावी, असं माझं मत आहे. नोकरीत असल्यामुळे मोर्चा काढू शकत नाही, पण ग्रामसभा ठराव करू शकते. येत्या ग्रामसभेत कुणी तो मांडणार असेल तर मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे. बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत मंडळाच्या कार्यालयात असतो.