घरपट्टीचाही काटा तपासा



गळीत हंगाम सुरू झाला की वजनकाट्यावर आपण किती जागरूक असतो ते सर्वांना ठाऊक आहे. गाडी काट्यावर चढली की मालक खाली उतरून आकडा बघतो. पावतीत क्विंटलभर फरक वाटला तरी शेतकी खात्याच्या दारात माणसे जमतात. ते योग्यच आहे. परंतु हाच सभासद ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती आली की खुंटीला अडकवून मोकळा होतो. आकडा कशावरून काढला, शेजाऱ्याला किती लावला, हे विचारीत नाही. नाहीतर चिडून म्हणतो, "गटार नाही, दिवा नाही, मग पट्टी कशाची?" आणि भरायचीच बंद करतो. या दोन्ही रीतींनी न्याय मिळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कर कसा बसवावा हा प्रश्न आपल्या मातीला नवा नाही. 1626 साली निधन पावलेल्या मलिक अंबरची कबर आपल्या खुलताबादेतच आहे. त्याच्या लढायांच्या गोष्टी आपण सांगतो, पण त्याचे खरे नाव झाले ते साऱ्याच्या व्यवस्थेमुळे. जमिनीचा कस पाहायचा, पिकाचा अंदाज घ्यायचा आणि मग धारा ठरवायचा, ही त्याची रीत. काळ्या रानाला आणि मुरमाड माळाला एकच माप लावायचे नाही. घरपट्टीतही याहून वेगळे काय मागायचे आहे?

आजचा कायदाही कागदावर हेच म्हणतो. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 124 नुसार शेतसाऱ्याखालच्या जमिनीवर ग्रामपंचायतीचा कर बसत नाही, पण त्या जमिनीवर बांधलेल्या इमारतीवर बसतो. म्हणजे मळ्यातली वस्तीही आकारणीत येते. 31 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेने भांडवली मूल्याची पद्धत आली. जागेचा दर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि वापर यांवरून मूल्य काढायचे व त्यावर कर लावायचा. वापराचा भारांक निवासी घराला 1, औद्योगिक इमारतीला 1.20 आणि व्यापारी इमारतीला 1.25. दर ठरवायचा ग्रामपंचायतीने, पण शासनाच्या किमान व कमाल मर्यादेत राहून.

हिशेब ठीक आहे. अडते ते नोंदीपाशी. ही नोंद नमुना नंबर 8 च्या आकारणी वहीत असते. समजा, एका गावात मातीच्या भिंतीचे, वर पत्रे टाकलेले दोन खणांचे घर आहे. दुसरे घर रस्त्याला लागून स्लॅबचे, खाली तीन गाळे भाड्याने दिलेले. वही जुनीच चालू राहिली तर दोघांच्या नावापुढे तोच शेरा राहतो : माती, पत्रा, निवासी. मग गाळेवाल्याची पट्टी वाचते. ती वाचलेली रक्कम कुठे जाते? पाणीपुरवठ्याचे वीजबिल काही कमी होत नाही. वसुली अपुरी पडली की ग्रामपंचायत दर वाढवते, आणि वाढीव दर मातीच्या घरालाही लागतो. एकाची चुकलेली पट्टी अशी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर येते.

इथे आपण जरा आरशात पाहू या. वेरूळच्या रस्त्यावरील हॉटेलांकडे आणि लॉजांकडे बोट दाखवणे सोपे आहे, आणि त्यांची आकारणी वापराप्रमाणे झालीच पाहिजे. पण उसाच्या बिलावर ज्याने स्लॅब टाकला, तो सभासद आपली नोंद बदलून घ्यायला आपणहून किती वेळा गेला? आणि आपला कारखाना? 1958 च्या कायद्यातच कलम 125 घालून, कारखान्याने करांऐवजी ग्रामपंचायतीला ठोक रक्कम द्यावी अशी तरतूद केली गेली. ज्या गावांच्या रस्त्यांवरून आपल्या उसाच्या गाड्या जातात त्या गावांना कारखान्याकडून काय मिळते, कर म्हणून किंवा ठोक म्हणून, हे वार्षिक सभेत आकड्यांसह सांगितले जावे. मालक आपणच आहोत, तेव्हा विचारायचेही आपणच.

संघटितपणे मागितले तर मिळते, याचा दाखला पुण्याचा आहे. तिथे स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात 40 टक्के सवलत 1970 पासून चालत आली होती. पुढे ती बंद करण्याचा निर्णय झाला आणि नव्या घरांना पूर्ण आकारणी लागली. नागरिक संघटना गप्प बसल्या नाहीत. निवेदने दिली, जुने ठराव काढून दाखवले, लोकप्रतिनिधींना धरले. अखेर 2023 मध्ये राज्य सरकारने सवलत कायम ठेवली. मात्र ज्यांची सवलत गेली होती त्यांना 'पीटी-3' अर्ज आणि तिथे स्वतः राहत असल्याचा पुरावा द्यावा लागला. सांगायचे इतकेच की घोषणा मोर्चाने मिळते, पदरात पडते ते अर्ज भरणाऱ्याच्या.

तेव्हा गावोगावच्या सभासदांनी पाच-दहा जणांचे गट करावेत. आकारणीची फेरतपासणी चार वर्षांनी व्हायची असते. आपल्या गावात ती कधी झाली हे ग्रामसेवक भाऊसाहेबांना लेखी विचारावे. नमुना 8 ची नक्कल घ्यावी आणि ग्रामसभेत ती मोठ्याने वाचायला लावावी. एकेक घर, एकेक दुकान, एकेक लॉज. सगळ्यांसमोर वाचलेली खोटी नोंद फार दिवस टिकत नाही. यादी फलकावर लागली की नोटिशीतल्या मुदतीत लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात. तरीही आकारणी चुकीचीच राहिली तर पंचायत समितीकडे आणि त्यापुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते. खुलताबाद शहरातील सभासदांना नगरपरिषदेचा 1965 चा कायदा लागू आहे. तिथेही यादी प्रसिद्ध होते आणि हरकत घेता येते.

आणखी एक. भांडण चालू असताना पट्टी थकवू नका. मागणीचे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर ग्रामपंचायत सदस्य अपात्र ठरू शकतो. गावात जो या प्रश्नावर बोलायला उभा राहील त्याची थकबाकी विरोधक पहिल्यांदा काढतील. म्हणून आधी रक्कम भरून पावती खिशात घाला, मग ग्रामसभेत उभे राहा.

मातीच्या घरातली म्हातारी हे सगळे करू शकणार नाही. तिची हरकत लिहून द्यायला शेजारच्या स्लॅबवाल्याने पुढे यावे, आणि त्याच दिवशी स्वतःच्या घराची खरी नोंदही करून घ्यावी. सहकार सहकार म्हणतो तो आणखी वेगळा काय असतो?