विश्लेषण : पावसाळ्यात मालवणच्या दोन्ही कमाया एकदम का थांबतात?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मालवणच्या बंदर जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात. स्कूबा डायव्हिंग, पॅरासेलिंगही बंद होते. पाठोपाठ मासेमारी थांबते. २०११ च्या जनगणनेनुसार १९ हजारांहून कमी वस्तीच्या या शहरात पैसा प्रामुख्याने याच दोन वाटांनी येतो.

बंदी किती दिवसांची?

जलपर्यटन २६ मे ते ३१ ऑगस्ट, म्हणजे ९८ दिवस बंद असते. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारीला मनाई असते. कारण माशांच्या प्रजननाचे आणि मच्छीमारांच्या सुरक्षिततेचेही आहे. बिगरयांत्रिक होड्यांना सूट आहे; पण खवळलेल्या समुद्रात ती फारशी उपयोगाची नाही.

या तारखा कागदी नाहीत. २४ मे २०२२ रोजी, म्हणजे बंदीच्या दोन दिवस आधी, तारकर्लीजवळ स्कूबासाठी गेलेल्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. त्यामुळे बंदी शिथिल करणे हा पर्याय नाही.

पर्यटनाचा आधार का मिळत नाही?

पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीमुळे रापणीला मासळी उरत नाही, ही इथल्या पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी वाद मिटला नाही. दरम्यान अनेक कुटुंबांनी होड्या पर्यटकांसाठी वळवल्या, घरालगत खोल्या बांधल्या. अडचण अशी की, नवा धंदाही त्याच समुद्रावर उभा आहे. किल्ला पाहायचा तर होडी, डॉल्फिन पाहायचे तर होडी, त्सुनामी बेटावर जायचे तरी होडीच. समुद्र बंद झाला की खोल्याही रिकाम्या राहतात. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने असतो.

ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू होते खरी. पण तेव्हा बहुतेकदा श्रावण असतो आणि अनेक घरांत मासे शिजत नाहीत. पुढे गणपतीला चाकरमानी गावी येतात, बाजार फुलतो. पण ते आपल्या घरी उतरतात, भाड्याच्या खोलीत नाही.

जमिनीवर काय आहे?

बरेच काही. मालवणपासून जवळच असलेल्या धामापूर तलावाला २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. पावसात त्याच्याभोवतीची झाडी पाहण्यासारखी असते. शहरात जुन्या बाजारपेठेतला खाजा आहे, खानावळी आहेत. पावसाळी पर्यटक सिंधुदुर्गात येतही असतो. मात्र तो आंबोलीचा धबधबा पाहून घाटावर परततो. आंबोली ते मालवण रस्त्याने दोन-अडीच तास. रेल्वेने यायचे तर कुडाळ किंवा कणकवलीला उतरून पुढे एसटी वा रिक्षा. या पर्यटकाला एक रात्र मालवणात थांबवेल अशी सोय अजून नाही, आणि जलक्रीडांच्या जाहिरातींत धामापूरचे नाव क्वचितच दिसते.