श्रद्धेला मराठी शब्द फुटले तेव्हा

जानेवारी २०२० मध्ये आमच्या जिल्ह्याच्या गावी त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हाचे ते उस्मानाबाद, आजचे धाराशिव. दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सोडला तर या भागाचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर सहसा येत नाही. त्यामुळे संमेलनाचे अप्रूप लोहाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावालाही होते. पण अध्यक्षांचे नाव जाहीर झाल्यापासून एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर एकच प्रश्न ऐकू येऊ लागला. पाद्री माणूस मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कसा?

विचारणारे सगळेच काही आकसाने विचारत होते असे नाही. पुष्कळांना खरोखरच कुतूहल होते. आमच्याकडे ख्रिस्ती घरे थोडी. ख्रिस्ती म्हटले की मिशनचा दवाखाना, इंग्रजी शाळा आणि नाताळात दारावर लागणारा कागदी तारा एवढेच डोळ्यांसमोर येते. त्या चित्रात मराठी लेखणी कुठे बसत नाही. ज्यांच्या मनात आकस होता त्यांनी मात्र निवेदने काढली, निषेध केले. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही ‘तुम्ही जाऊ नका’ असे सांगणारे निघाले. महानोर आले, आणि अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटोही आले. ही हकिगत आता जुनी झाली. दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. पण त्या वेळच्या प्रश्नाचे नीट उत्तर दिले गेले आहे असे मला वाटत नाही. ‘साहित्याला धर्म नसतो’ असे सांगून आपण तो प्रश्न तेव्हा मिटवला. मला ते उत्तर सोयीचे वाटते, खरे वाटत नाही. दिब्रिटो ख्रिस्ती असूनही लिहीत होते असे नव्हे, ख्रिस्ती होते म्हणून लिहीत होते.

आमच्या घरात माळ आहे. तेव्हा भक्तीतून शब्द येतात हे मला कोणी निराळे शिकवायला नको. गोरोबाकाका आमच्याच जिल्ह्यातले, तेरचे. संमेलनाच्या नगरीला नावही त्यांचेच दिले होते. मडकी घडवणाऱ्या कुंभाराने अभंग रचले यात आपल्याला काही नवल वाटत नाही, उलट विठ्ठलावाचून त्यांच्या हातून एक ओळही उतरली नसती हे आपण गृहीतच धरतो. मग हाच न्याय येशूच्या भक्ताला लावताना आपण का अडखळतो?

या वाटेवरचा पहिला प्रवासी तर जन्माने इंग्रज. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि उरलेले सगळे आयुष्य, म्हणजे १६१९ पर्यंत, तिथेच राहिले. साष्टीतल्या गावांतून काम करता करता त्यांनी मराठी आत्मसात केली आणि ‘ख्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते म्हणून रोमन लिपीत, पण भाषा मराठी आणि छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणायला या जेझुइटाला संकोच वाटला नाही. मराठीची त्यांनी केलेली स्तुती तर आपण भाषादिनी मोठ्या अभिमानाने ऐकवतो.

अर्थात चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. स्टीफन्स गोव्यात आले तेव्हा तिथे इन्क्विझिशन येऊन जवळजवळ वीस वर्षे झाली होती. साष्टीतली देवळे पाडली गेली होती. ज्यांच्या हातातून जुनी पुराणे गेली त्यांच्यासाठीच हे नवे पुराण लिहिले गेले, हे विसरून त्याचे कौतुक करता येणार नाही. पण सत्तेची भाषा पोर्तुगीज, चर्चची लॅटिन, स्वतःची इंग्रजी, असे असताना या माणसाने ओवीच का निवडली? लोकांच्या कानांना पुराणाची सवय होती, त्या कानांसाठी त्यांना लिहायचे होते. हुकूम काढायला परकी भाषा पुरते. कथा सांगायची तर ऐकणाऱ्याच्या घरात शिरावे लागते. पुढे १६८४ मध्ये त्याच पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदी घातली. राज्यकर्त्यांना जे नको होते ते त्यांच्याच एका पाद्र्याने मनापासून केले होते.

एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजी यांनी ‘यमुनापर्यटन’ (१८५७) लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो, वाचतात थोडे. विधवांच्या हालांचे त्यातले चित्र आजही मनाला चटका लावते. पण मधूनच लेखक गोष्ट बाजूला ठेवून उपदेशाला बसतो आणि पुस्तक जड होते. त्यांचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ मला त्याहून जवळचे वाटते, कारण तिथे ते दुसऱ्याला पटवण्यापेक्षा स्वतःचे काय झाले ते सांगतात. श्रद्धेतून आलेले लेखन कधी जिवंत राहते आणि कधी वाळते, याचा एक उलगडा मला इथे होतो. वाद जिंकायला निघालेले पुस्तक वादाबरोबर संपते.

टिळक दांपत्याकडे वळले की हे अधिकच स्पष्ट होते. नारायण वामन टिळक ख्रिस्ती होण्यापूर्वीच कवी होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि त्या वाचनाने त्यांचे आयुष्य वळले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर मोडले, नातेवाईक तुटले, पत्नी दुरावली. पण आपण ख्रिस्तापाशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत राहिले. त्यांच्या आधी मराठी ख्रिस्ती मंडळींची उपासना पुष्कळशी परक्या चालींवर आणि भाषांतरित गीतांवर चालत असे. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ख्रिस्तमंदिरात आणले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची गीते आजही आहेत आणि आजही म्हटली जातात. ज्या माणसाला नव्या श्रद्धेमुळे आपल्याच माणसांनी परके ठरवले, त्याने ती श्रद्धा आपल्या माणसांच्या चालीवर गाऊन दाखवली. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. तिथेही त्यांची धडपड हीच होती. मिशनच्या पगारावर जगणारा प्रचारक आणि भिक्षेवर जगणारा संत यांतला फरक आपल्या लोकांना नेमका कळतो, हे त्यांनी ओळखले होते.

आणि लक्ष्मीबाई! नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा ही बाई आकांत करून वेगळी राहिली. सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकात वाढलेली, शाळेचे तोंडही न पाहिलेली. वाचायला शिकली ती लग्नानंतर, आणि तेही नवऱ्याच्या लहरीनुसार. काही वर्षांनी ती परत आली. मग तिने आधी जातिभेद स्वतःच्या मनाने सोडला आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून तीही झाली, असे तिच्याबाबत म्हणता येत नाही.

तिची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. या पुस्तकात ती कोणालाही ख्रिस्ती करायला निघालेली नाही. नवऱ्याचा विक्षिप्तपणा, हातचे पैसे वाटून टाकण्याची त्याची सवय, स्वतःचा हट्ट, उपासमार, हसू, सगळे ती जसेच्या तसे सांगते. धर्मांतराचे दुःख सांगतानाही तिला विनोद सुचतो. हे बळ तिला तिच्या श्रद्धेने दिले असे माझे मत आहे. ज्याला देवासमोर काही लपवायचे नाही, त्याला वाचकासमोर तरी काय लपवायचे? मराठीतल्या कोणत्याही चांगल्या वाचकाला विचारा, पहिल्या पाच आत्मचरित्रांत तो हे पुस्तक घेईल, आणि घेताना बाईंचा धर्म कोणता याचा विचारही करणार नाही. टिळकांनी हाती घेतलेल्या ‘ख्रिस्तायना’चे थोडेच अध्याय त्यांच्या हयातीत झाले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. पण माझ्या मते त्यांच्या श्रद्धेचे खरे काव्य त्या गद्यातच आहे.

याच घरात एक ब्राह्मण मुलगा मुलासारखा राहिला होता. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, आपले बालकवी. टिळकांच्या घरी त्यांचा धर्म कोणी बदलला नाही. ‘ख्रिस्ती लेखणी म्हणजे धर्मांतराचे हत्यार’ असे सरसकट बोलणाऱ्यांनी एकदा या घराकडे पाहावे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट वेगळी. संस्कृतचे पांडित्य असलेल्या या बाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून एकटीने संपूर्ण बायबल मराठीत आणले. का, तर खेड्यातल्या अडाणी बाईला ते कळावे म्हणून. छपाईचे कामही तिथल्याच बायका-मुली करत. शेवटची मुद्रिते तपासून होताच एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या असे सांगतात. पंडिताने पांडित्य उतरवून ठेवून लिहिणे किती कठीण असते, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

दिब्रिटो या मालिकेतले. वसईजवळच्या नंदाखालचे. वसईच्या ख्रिस्ती समाजात घरी सामवेदी बोली, शाळेत मराठी आणि देवळात मात्र कित्येक शतके लॅटिन. साठच्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासना लोकांच्या भाषेत करण्याची मोकळीक मिळाली आणि वसईच्या वेदीवर मराठी आली. दिब्रिटोंना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली ती १९७२ मध्ये, म्हणजे या बदलानंतर लगेचच. रोजच्या प्रार्थनेसाठी, प्रवचनासाठी नवे मराठी शब्द शोधणारी ती पिढी होती. अशा शोधातून लेखक घडला तर नवल नाही. १९८३ ते २००७ ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. धर्मप्रांताचे मासिक त्यांनी इतरांनीही आवडीने वाचावे असे केले. वसईची झाडे, विहिरी आणि शेती वाचवण्याच्या लढ्यात ते रस्त्यावर उतरले तेव्हा काही ख्रिस्ती मंडळींनाच ते रुचले नव्हते. पाद्र्याने चर्चमध्ये राहावे असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी, की पुढे धाराशिवला विरोध करणारेही जवळजवळ हेच म्हणत होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. शीर्षकातला ‘सुबोध’ हा शब्द वाचताना मला रमाबाई आठवतात.

एक गोष्ट मात्र मला बोचते. आतापर्यंत घेतलेली बहुतेक नावे शिकल्यासवरल्या घरांतून आलेल्यांची आहेत. मराठवाड्यात आणि नगर भागात ख्रिस्ती झालेली बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजातली होती. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या मुलखात बेथेल गाव वसवले ते अशाच कुटुंबांसाठी. त्या घरांनी काय सोसले, काय मिळवले, नवा देव घरात आला तेव्हा लक्ष्मीआईच्या ओट्याचे काय झाले, आजीने कोणता सण सोडला आणि कोणता सोडला नाही, हे सांगणारी ‘स्मृतिचित्रे’ मराठीत कुठे आहेत? दलित आत्मकथनांनी मराठीला हादरवले त्याला आता अर्धशतक होत आले. त्यात ख्रिस्ती गावकुसाची पाने फार थोडी आहेत. दोन्हीकडून उपेक्षा झाली असावी. मिशनऱ्यांनी अहवाल लिहिले ते इंग्रजीत, आणि आपण त्यांना मराठी मानायलाच उशीर केला.

एका नाताळात आमच्या भागातल्या एका छोट्या प्रार्थनागृहात मी बायकांचे भजन ऐकायला बसलो होतो. टाळ तेच, ढोलकी तीच. पुढे बसलेल्या म्हातारीच्या मांडीवर कापडात गुंडाळलेली एक वही होती. मी विचारले, मावशी, ही गाणी कुठल्या पुस्तकातली? त्या म्हणाल्या, “काही पुस्तकातली, काही माझ्या सासूची. ती दळताना म्हणायची, मी लिहून घेतली.” मी वही चाळायला मागितली. त्यांनी आधी हात पदराला पुसले आणि मग ती माझ्या हातात दिली. सासूच्या ओव्या शेवटच्या दहा-बारा पानांवर होत्या, पेन्सिलीने लिहिलेल्या, आणि पुसट होत चालल्या होत्या.