मुख्याध्यापकांचा तास

एका लहानशा प्रयोगशील मराठी शाळेची जाहिरात परवा पाहण्यात आली. मुख्याध्यापक हवे आहेत. अपेक्षा अशा: व्यवस्थापनाची पदवी, प्रवेशसंख्या वाढवल्याचा अनुभव, संस्थेसाठी देणग्या मिळवण्याची हातोटी. आणि शेवटची ओळ: अध्यापनाची जबाबदारी असणार नाही. उमेदवाराला सवलत म्हणून ती लिहिली असणार. माझ्या मते त्या एका ओळीने पदातला जीवच काढून घेतला आहे. शंभर-सव्वाशे मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी रोज किमान एक तास स्वतःचा वर्ग घेतलाच पाहिजे. आयुष्यभर अशा शाळेत शिकवून झालेलं हे माझं ठाम मत आहे.

हा प्रश्न आज कळीचा झाला आहे. कोल्हापूरचं सृजन आनंद विद्यालय 1985 साली सुरू झालं, फलटणचं कमला निंबकर बालभवन 1986 साली. त्याच सुमारास आणि त्यानंतर राज्यात ठिकठिकाणी पालक-शिक्षकांनी पदरमोड करून छोट्या शाळा उभ्या केल्या. त्यांतल्या अनेक ठिकाणची संस्थापक पिढी आता थकली आहे, काही जण आपल्यात नाहीत. ‘ताईंनंतर कोण?’ हा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत येतो आणि घाबरून जाहिरात दिली जाते.

खरं तर कायद्यालाही छोट्या शाळेचा मुख्याध्यापक शिकवणाराच अपेक्षित आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेत पटसंख्या 150 च्या वर गेली तरच शिक्षकांखेरीज वेगळा मुख्याध्यापक धरला आहे. त्याखालच्या शाळेत हे काम शिक्षकांपैकीच कुणीतरी करायचं.

मुख्याध्यापकांनी शिकवल्याने काय साधतं, हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या ताई, चौथीचं गणित घ्यायच्या. दुसरा तास. त्या वेळात फोन लिपिकाकडे, आणि भेटायला आलेला माणूस, मग तो कुणीही असो, व्हरांड्यातल्या बाकावर. एकदा त्यांनी फळ्यावर 402 वजा 178 मांडलं. निम्म्याहून अधिक मुलांचं उत्तर आलं 376. त्यांनी चूक दुरुस्त केली नाही, एकेकाला बोलावून ‘कसं केलंस ते सांग’ म्हणाल्या. प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचा, वर कोण नि खाली कोण याला महत्त्व नाही, अशी मुलांची समजूत होती. म्हणजे त्यांना शतक-दशक कळलंच नव्हतं, नुसते आकडे कळले होते.

शनिवारच्या शिक्षक सभेत ताईंनी त्या वह्या मध्ये ठेवल्या आणि गप्प बसल्या. कुणावर ठपका नाही. बोलता बोलता दुसरीच्या ताईंकडून उलगडा झाला. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधायचं-सोडायचं काम त्यांनी दिवाळीआधीच बंद केलं होतं, कारण ‘वह्या कोऱ्या राहतात’ अशी पालकांची तक्रार होती. सभेने ठरवलं की दुसरी पूर्ण होईपर्यंत काड्या हातातून सुटणार नाहीत, तिसरीतही लागतील तेव्हा बाहेर काढायच्या. आणि पालकांना हे मी समजावून सांगेन, तुम्ही वर्ग सांभाळा, एवढंच ताई म्हणाल्या. पालकसभेत त्यांनी आयांना आणि वडिलांना गठ्ठे सोडून वजाबाकी करायला लावली. कोऱ्या वह्यांची तक्रार त्या वर्षी पुन्हा आली नाही.

यातली एकही गोष्ट कार्यालयात बसून झाली नसती. चाचणीच्या तक्त्यात ‘वजाबाकी: कच्ची’ एवढंच दिसलं असतं, आणि दुसरीच्या ताईंना एक लेखी सूचना गेली असती.

वारसदार कसा घडतो, याचं उत्तर शोधायलाही परदेशी जायला नको. 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. पस्तिशीतली प्राथमिक शिक्षिका. 1973 साली ताराबाई गेल्या तोवर दोघी बरोबर होत्या, बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर. मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडी आदिवासी पाड्यावरच्या अंगणात गेली; गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. हे शहाणपण पाड्यावर रोज पायी जाणाऱ्यांनाच सुचतं. ताराबाईंनंतर अनुताईंनी ते काम जवळजवळ दोन दशकं पुढे नेलं. कोसबाडला जाहिरात द्यावी लागली नाही.

पण शाळा एका व्यक्तीच्या तोंडाकडे बघत चालावी, असंही मला म्हणायचं नाही. सभेत बोलण्याआधी सगळे ताईंचा चेहरा वाचतात, अशाही प्रयोगशील शाळा आहेत, आणि तिथे ताई गेल्या की सगळं ढासळतं. ए. एस. नील यांनी 1921 साली जर्मनीत सुरू करून पुढे इंग्लंडला हलवलेल्या समरहिलमध्ये शाळेच्या सभेत सहा वर्षांच्या मुलाला आणि नीलना सारखंच एक मत. मात्र शिक्षकांची नेमणूक आणि पैशाचा व्यवहार नीलनी सभेकडे दिला नाही, आणि ते उघड सांगितलं. ही स्पष्टता मला फार मोलाची वाटते. सरकारी तपासणीनंतर शाळेवर बंद पडायची वेळ आली तेव्हा, 2000 साली, प्रकरण लंडनच्या न्यायालयात पोचलं. नीलना जाऊन तेव्हा पाव शतक उलटलं होतं, त्यांची मुलगी झोई प्रमुख होती. सरकारने तडजोड पुढे केली. ती स्वीकारायची की नाही, हे मुलांनी न्यायालयाच्या दालनातच सभा भरवून ठरवलं. अशी सभा आयत्या वेळी भरवता येत नाही. ती वर्षानुवर्षं दर आठवड्याला भरलेली असावी लागते.

विश्वस्तांची अडचण मला समजते. युडायस आणि सरल या सरकारी प्रणालींतल्या नोंदी, शिक्षण हक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के प्रवेशांच्या परताव्याचा पाठपुरावा, स्कूलबसची कागदपत्रं यांत मुख्याध्यापकाचा दिवस खरोखर जातो. त्यावर उपाय चांगला, नीट पगार असलेला लिपिक हा आहे. तो व्यवस्थापन शिकलेल्या संचालकापेक्षा स्वस्त पडतो. आतल्याच शिक्षकांमधून एक जण निवडा, निवडताना शिक्षकांना विचारा, आणि जुन्या ताई असतानाच दोन वर्षं दोघांना शेजारी शेजारी काम करू द्या. जूनचं वेळापत्रक बसवाल तेव्हा मुख्याध्यापकांचा तास आधी भरा, बाकीचे त्याभोवती बसतात.